दुसरा वाघ

यमुनाची राख सावडून झाली त्याच दिवशी दुपारी चिखलटोल्याच्या समाजमंदिरात बोरकुटे साहेबांनी गावाला समजावून सांगितलं, की वाघ एक नव्हता, दोन होते.

बोरकुटे वनखात्याचे. माणूस वाईट नव्हता. तीन रात्री झोपला नव्हता आणि ते त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यांनी मोबाईल वर धरला. "हा फोटो खांबावरच्या चौनजर यंत्रानं सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी काढला. खाली बाजूचं नाव वाचा, बोडी. म्हणजे एक वाघ बोडीकडं होता आणि यंत्रानं तो बरोबर सांगितला. बाकीच्या बाया गावाकडं पळाल्या, वाचल्या. यमुनाताई एकट्याच पांदणीकडं पळाल्या, आणि तिथं दुसरा बसलेला होता. आता त्यांनी जरा समोर बघून पळायला हवं होतं, पण घाबरल्यावर माणसाचं काय सांगावं."

"उलटीच पळाली बिचारी," मागून कोणीतरी म्हणालं. चार जणी चुकचुकल्या.

पुढच्या रांगेत यमुनाचा नवरा दिवाकर मान खाली घालून बसला होता. मांडीवर आठ वर्षांची जानू. दिवाकरच्या शेजारी त्याची धाकटी बहीण निरंजना, म्हणजे गावाची निरू. पाच गावांतल्या बारा चौनजरांची देखभाल तिच्याकडे होती.

"पन साहेब," म्हातारी तुळसाबाई उठली, "माकडं तं पांदणीकडं खोकत होती. मी यमुनेले म्हनलं बी, का व, माकडं तिकडं खोकून रायली. तं ते म्हने, डब्बा बोडी म्हनते ना, मंग बोडीच."

"आजी, वाघ दिसला की माकडं खोकतात हे खरं, पण ती खोकत होती त्या दुसऱ्या वाघाला."

तुळसाबाई बसली. दुसऱ्या वाघाची ही मोठीच सोय होती. जे जे जुळत नव्हतं ते सगळं त्याच्या नावावर खपत होतं. बोडीच्या काठाला पावलांचे ठसे एकही नव्हते, तर म्हणे जमीन कडक आहे. साहेबांनी सांगितलं, की एक वाघीण काल पकडली, दुसरा तिकडच्या जंगलात निघून गेला असावा, तेव्हा उद्या सकाळपासून पाचही गावांत मोहफुलं वेचायला हरकत नाही. फक्त चौनजरकडे कान ठेवा. बायांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मोहाची फुलं वर्षातून तीन-चार आठवडे गळतात आणि ती कोणासाठी थांबत नाहीत.

मोबाईल हातोहात फिरत निरूकडे आला. काळी जळकी जमीन, मोहाची झाडं, एका झाडाआडून वाघिणीचा खांदा आणि अर्धं तोंड. खाली अक्षरं: बोडी. निरूनं फोटो मोठा करून झाडाचं खोड पाहिलं. खोडाला पिवळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

चिखलटोल्यात प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असतं, आणि ते ओळखू यावं म्हणून जो तो आपल्या झाडाला खूण बांधतो. पिवळी चिंधी यमुनाची. आणि यमुनाचं झाड बोडीकडे नव्हतं, पांदणीकडे होतं.

निरूनं मोबाईल पुढे दिला.

चौनजर म्हणजे काही जादू नव्हे. चौदा फुटी खांब, त्याच्या डोक्याशी चार दिशांना तोंड केलेले चार कॅमेरे, आणि मधल्या पत्र्याच्या डब्यात तळहातावर मावेल एवढा एकच कॉम्प्युटर. जंगलात नेटवर्क नसतं. फोटो शहरात पाठवायचा आणि हा वाघ आहे का म्हणून विचारत बसायचं, एवढी सवड वाघ देत नाही. म्हणून ओळखायचं काम त्या चिमुकल्या कॉम्प्युटरनं तिथल्या तिथे करायचं. वाघांची हजारो चित्रं त्याला आधीच घोकून दिलेली असतात. वाघ दिसला की भोंगा बोलतो: वाघ, बोडीच्या बाजूला. वाघ, पांदणीच्या बाजूला. तशीच टेकडी आणि गाव. बोडी म्हणजे गावचं लहान तळं आणि पांदण म्हणजे त्याच्या बरोबर समोरची, झुडपांनी भरलेली वाट.

अडचण अशी, की या कॉम्प्युटरला कॅमेरा जोडायला दार एकच. आणि चारही कॅमेरे एकाच कारखान्यातले, चौघांचं नाव एक. नाव घेऊन हाक मारली तर चौघेही एकदम ओ देणार आणि कुणाचंच धड ऐकू येणार नाही. त्यामुळे मध्ये एक छोटी पट्टी बसवलेली असते. तिला चार खिडक्या, आणि ती एका वेळी एकच उघडते. एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक, सेकंदाला दोन फेऱ्या. आता यातली मेख ऐका. कॉम्प्युटरला फक्त खिडकीचा नंबर कळतो. दोन नंबरच्या खिडकीत वाघ दिसला की दोन नंबरपुढे जे नाव लिहिलेलं असेल ते तो भोंग्यावर बोलून मोकळा होतो. त्या खिडकीत खोचलेली फीत, म्हणजे कॅमेऱ्याची चपटी तार, खरोखर कुठल्या कॅमेऱ्याकडे गेली आहे, हे कळायची त्याला काही सोय नाही. ते फीत खोचणाऱ्या माणसानं बघायचं.

फिती खोचणारी होती निरू.

मोहाचा हंगाम आला की बाया झाडांखालचा पाचोळा पेटवतात. जमीन साफ काळी झाली की त्यावर पिवळसर फुलं लांबून दिसतात. वनखातं दरवर्षी पेटवू नका म्हणतं आणि लोक दरवर्षी पेटवतात. त्या आगीत कॉम्प्युटर भाजून निघू नये म्हणून निरूनं स्वतःची एक रीत बसवली होती. पेटवण्याच्या आदल्या दिवशी डब्यातला कॉम्प्युटर काढून घरी आणायचा, कॅमेऱ्यांवर पत्रा बांधायचा, आणि दोन दिवसांनी जाऊन चार फिती पुन्हा खोचायच्या. फितींवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. यंदा आग जरा जास्तच भडकली आणि चिठ्ठ्या वळून गळून पडल्या.

त्या दिवशी शिडी धरायला यमुनावहिनीच होती. नेहमी तीच असायची. सासर सोडून निरू परत आली तेव्हा दिवाकर आठ दिवस नीट बोलला नव्हता, आणि यमुनानं मात्र तिसऱ्याच दिवशी तिला ब्रह्मपुरीला चौनजरच्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला धाडलं होतं. "घरात बसून रडल्यापरीस खांबावर चढून रड," असं म्हणाली होती.

निरूनं फिती खोचल्या आणि मोबाईलवर चार चित्रं पाहिली. एरवी बोडीचं पाणी चमकायचं, त्यावरून लगेच कळायचं. यंदा बोडी मार्चातच आटलेली, आणि चारही चित्रांत तीच काळी जमीन, तीच खोडं. एका चित्रात काहीतरी पांढरं चमकलं. ही बोडी, असं तिनं ठरवलं. ती पांदणीकडची राख होती, उन्हानं उजळलेली.

खात्री करायची एक साधी पद्धत प्रशिक्षणात शिकवली होती. प्रत्येक कॅमेऱ्याच्या भिंगावर हात ठेवायचा आणि मोबाईलवर कुठलं चित्र काळं होतं ते बघायचं. चार हात, अर्धं मिनिट.

"आज हात नाई ठेवला व?" यमुनानं खालून विचारलं होतं. दर वेळी बघून तिलाही ते पाठ झालं होतं.

"कायले? दिसून रायलं ना मले," निरू म्हणाली होती, आणि उतरली होती. त्या दिवशी आणखी दोन खांब व्हायचे होते.

आणि भोंगा बोलला की काय करायचं, हेही निरूनंच पाच गावांना शिकवलं होतं. ज्या बाजूचं नाव येईल तिच्या बरोबर उलट पळा. बाया माना डोलवत आणि वेळ आली की सवयीनं गावाकडे पळत. शिकवलेलं तंतोतंत पाळणारी पाच गावांत एकच निघाली.

समाजमंदिरातून निरू घरी आली ती शिडी काढायलाच.

"कुठं चालली?" दिवाकरनं विचारलं.

"खांबाकडं. जरा बघतो."

"एकटी नोको जाऊ. मी येतो."

तिनं नको म्हणून पाहिलं. तो ऐकला नाही, शिडी खांद्यावर घेऊन पुढे चालूही लागला. वाट पांदणीवरून होती. यमुना सापडली त्या जागी, लाल माती उकरून सारखी केली होती तिथे, तो थांबला नाही, फक्त चालण्याचा वेग वाढवला. निरूही त्याच्यामागून भराभर पावलं उचलू लागली.

ती वर चढली. बोडीकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यावर तिनं हात ठेवला आणि मोबाईल पाहिला. पांदण नावाचं चित्र काळं झालं. तिनं हात काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा पांदणच. देवा, एकदा तरी चुकू दे मला, असं ती मनात म्हणाली, आणि तिसऱ्यांदाही तेच झालं.

"बरोबर हाये ना?" दिवाकर खालून म्हणाला.

"हो," निरू म्हणाली.

तिनं दोन फितींची अदलाबदल केली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. आता डबा खरं बोलणार होता आणि जगात कुणाला काही कळणार नव्हतं. ती उतरली. दिवाकर शिडी सोडेना. त्याला बोलायचं होतं.

"मले तिचा राग येते, निरू. मेलेल्या मानसाचा राग करू नोये, पन येते. एवढं तू शिकवलं, घरात दहादा बोललो आपन. आन् ऐन टाइमाले उलटी पळाली. लेकराचा इचार तरी करा लागत होता ना?"

निरू शिडीच्या पायरीवरची माती नखानं खरवडत राहिली.

"गल्लीतली पोरं जानूले म्हनतात, तुही माय येडी होती, वाघाकडं पळाली. ते रडत आली माह्याकडं. मी काय सांगू? मी म्हनलं, हो बाई, घाबरली तुही माय, चुकली."

हीच वेळ होती. निरूला ते कळत होतं. तोंड उघडलं की भाऊ जाणार, घर जाणार, जानूही जाणार. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "मले मोहबोडीचा खांब बी पाहून ये लागते. तू घरी जाय, दादा."

स्कूटीला शिडी बांधून ती मोहबोडी गावाला गेली. तिथल्या खांबावर चारही हात बरोबर जुळले, आणि तिला एवढं हलकं वाटलं की शिडीवरच तिला हुंदका फुटला. एकच चूक झाली होती म्हणजे. ती दुरुस्तही झाली होती. मग ती गोंडसावळीला गेली. तिथे टेकडी आणि गाव यांची अदलाबदल झालेली होती. टेकडीकडून वाघ आला असता तर डब्यानं गाव म्हणून सांगितलं असतं, आणि बाया टेकडीकडे पळाल्या असत्या.

तिनं फिती बदलल्या आणि शिडीच्या तळाशी बसून हिशोब लावला. बारांतले तीन झाले. नऊ राहिले. कुठल्या खांबावर हात ठेवला होता आणि कुठल्या नाही, हे आठवायचा तिनं जीव तोडून प्रयत्न केला; त्या पंधरवड्यातले सगळे खांब एकमेकांत मिसळून गेले होते. सूर्य कलला होता. दिवस मावळला की जंगलातला रस्ता दुचाकीला बंद होतो. आणि उजाडायच्या आत पाच गावांतल्या दीडशे बाया टोपल्या घेऊन त्या नऊ खांबांखाली वाकणार होत्या.

माणूस अशा वेळी आधी छोटं खोटं शोधतो. निरूनं रानपरसोडीच्या सावित्राला फोन लावला. "उद्या जाऊ नोका. डबे बंद पडले. बॅटरी खराब निंगाली."

"बंद कुठं बाई? सा वाजता बोलला ना आताच, चौनजर चालू आहे म्हनून. तू बिनघोर राय. तुह्या डब्यावर भरवसा हाये आमचा."

भोंगा रोज संध्याकाळी सहा वाजता ते वाक्य बोलत असे. ते निरूनंच घातलं होतं, बायांना धीर वाटावा म्हणून.

मग तिनं बोरकुटे साहेबांना फोन केला आणि त्यांना मात्र सगळं सांगितलं. "म्हणजे दुसरा वाघ..." ते म्हणाले.

"नव्हताच, साहेब."

"अरे देवा." मग ते म्हणाले, "मी आत्ताच्या आत्ता पाचही गावांना जाऊ नका म्हणून कळवतो. पण ताई, तुम्हाला माहीत आहे. आम्ही जाऊ नका म्हटलं की बाया हमखास जातात. कारण सांगावं लागेल. आणि ते माझ्या तोंडून त्यांना पटायचं नाही."

निरूला ते पुरेपूर माहीत होतं.

चिखलटोल्यात ती पोचली तेव्हा घराघरात चुली पेटत होत्या. आधी घरी जावं, आधी दादाला सांगावं, हे तिला समजत होतं. पण घरी गेलं तर आपण सांगणार नाही, हेही तिला तितकंच समजत होतं. दुपारी शिडीपाशी तिनं स्वतःला चांगलं पाहिलं होतं. ती थेट समाजमंदिरात गेली, माइक चालू केला, मोबाईलवर पाच गावच्या मोहवाल्या बायांचा गट उघडला आणि आवाज भरायचं बटण दाबून मोबाईल माइकशेजारी धरला.

"मी निरंजना नन्नावरे बोलून रायली," ती म्हणाली. आपलाच आवाज गावावरून परत येताना ऐकून ती क्षणभर थांबली. "उद्या सकाळी कोनी मोहं येचाले जाऊ नोका. डबा चालू हाये, पन डबा खोटं बोलू शकते. फिती मी खोचल्या. हात ठेवून पाहाले पाह्यजे होतं, मी पाह्यलं नाई. आपल्या खांबावर बोडी आन् पांदण उलटी झाली होती. वाघ पांदणीकडं होता. एकच होता. दुसरा वाघ नव्हता." तिचा आवाज चिरकला. "यमुनावहिनीनं मी शिकवलं तसंच केलं. डबा बोडी म्हनला, ते पांदणीकडं पळाली. चूक माही हाये. नऊ खांब पाहाचे रायले. मी हात ठेवून पाहीन, मंगच जा. तोवर माकडं खोकली तं माकडाचं ऐका."

तिनं माइक बंद केला. मोबाईल लगेच वाजायला लागला, एकामागून एक. रानपरसोडी, कोसंबटोला, मोहबोडी. पहिला निरोप सावित्राचा होता: जात नाई आम्ही. पुढचा कोणाचा तरी होता आणि त्यात एक शिवी होती. तिनं दोन्ही वाचले.

समाजमंदिरापासून घर शंभर पावलं. दारादारात माणसं उभी होती आणि ती जवळ आली की आत जात होती. तुळसाबाई तेवढी उभी राहिली.

दिवाकर अंगणात उभा होता. तिला वाटलं तो मारेल; मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं हात उचलला नाही.

"दुपारी शिडी मी धरली होती," तो म्हणाला. "मी इचारलं तुले, बरोबर हाये का. तू हो म्हनली."

"हो, दादा."

"मी तिचा राग केला. तिचं तोंड पाहून नाई रडलो मी नीट, रागात होतो. राख सावडतानी बी रागात होतो." मग तो म्हणाला, "म्हंजे ते बरोबर पळाली."

"बरोबर पळाली, दादा. पाच गावांत तेच एकटी बरोबर पळाली."

तो घरात गेला आणि जानूला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. मुलीच्या हातात अर्धी खाल्लेली भाकर होती. "सांग हिले," तो म्हणाला. "मी नाई सांगत. मी हिले खोटं सांगतलं. तू सांग, तुह्या तोंडानं."

निरू जमिनीवर उकिडवी बसली. जानूच्या डोळ्यांशी डोळे भिडवणं तिला जमेना, म्हणून तिनं भाकरीकडे बघून सांगितलं. "जानू, तुही आई चुकली नाई. तिले ज्या बाजूनं पळाले सांगतलं होतं, त्याच बाजूनं पळाली ते. सांगनारी मी होती. मी चुकीचं सांगतलं. तुही आई येडी नव्हती."

"घाबरली नव्हती?"

"घाबरली असन. पन बरोबर पळाली."

जानू थोडा वेळ उभी राहिली. एवढ्या गोष्टी एकदम मावण्याएवढी ती मोठी नव्हती. त्यातली तिला हवी होती ती एक तिनं उचलली. भाकर बापाच्या हातात दिली आणि अनवाणी गल्लीत पळाली.

दिवाकर आत गेला. दाराची कडी लागल्याचा आवाज निरूनं ऐकला. ती उठली नाही. अंगणात, होती तिथेच ती बसून राहिली, आणि गल्लीच्या टोकापासून, एकेका घराच्या दारातून, जानूचा आवाज येत राहिला. आनंदानं फुटलेला, छाती फुगवून काढलेला, तीन दिवसांत पहिल्यांदाच मोठा झालेला आवाज.

"माही आई बरोबर पळाली होती! ऐकलं का? आत्या चुकली! माही आई बरोबर पळाली होती!"